वालुकाश्माची जुनी भिंत झडू लागली तर

"मंदिराच्या भिंतीवर हात फिरवला की वाळू हाताला लागते. कोणते केमिकल मारावे?" चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, नागपूर या पट्ट्यातले देवस्थानांचे विश्वस्त आणि जुन्या वास्तूंचे मालक हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत पुन्हा पुन्हा विचारतात. तोवर एखादा ठेकेदार दरपत्रकही देऊन गेलेला असतो: सगळ्या दरजा सिमेंटने भरायच्या, वरून पारदर्शक लेप मारायचा, पाच वर्षांची हमी. त्या दरपत्रकावर सही करण्याआधी हा लेख वाचा. शेकडो पावसाळे सोसलेला दगड अशा दुरुस्तीनंतर थोड्याच वर्षांत पापुद्र्यांनी गळू लागतो, आणि गळलेले कोरीवकाम परत मिळत नाही.

कोणते केमिकल हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. भिंतीत पाणी कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते, हे आधी शोधायचे आहे. पुढची सगळी कामे त्या उत्तरावर ठरतात.

आधी दगड ओळखा

महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसॉल्टचा आहे, कोकणात जांभा आहे. वालुकाश्म, म्हणजे वाळूचा दगड, मुख्यतः पूर्व विदर्भात मिळतो. नागपूरजवळच्या कामठीचे नाव तर भूशास्त्रात तिथल्या वालुकाश्माच्या थरांनाच दिलेले आहे. नागपूरच्या झिरो माइलचा स्तंभ वालुकाश्माचा आहे, आणि वैनगंगेकाठच्या मार्कंडा देवालयांतही हाच दगड आहे. मुंबईतल्या जुन्या इमारतींचे प्रकरण वेगळे. तिथला पिवळसर मालाड दगड ज्वालामुखीजन्य, तर पोरबंदरचा दगड चुनखडीचा. दोन्ही दिसायला वालुकाश्मासारखे असले तरी त्यांचे उपचार वेगळे आहेत, त्यामुळे मुंबईकर वाचकांनी पुढची ओळख अवश्य करून घ्यावी.

भिंतीला हात न लावता, खाली पडलेल्या तुकड्यावर एवढे करा:

- दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून ताजी फुटलेली बाजू पाहा. वाळूचे सुटे दाणे एकमेकांना चिकटलेले दिसले तर तो वालुकाश्म.
- कोरड्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच शोषला गेला तर दगड सच्छिद्र आहे. बराच वेळ तसाच राहिला तर दगड घट्ट आहे, किंवा त्यावर कोणीतरी आधीच लेप मारलेला आहे.
- शाळेच्या वा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकून पाहा. जोरात फेस आला तर चुनखडी. दाण्यांच्या मधून थोडाच फेस आला तर दाणे चुन्याने सांधलेला वालुकाश्म. फेस आलाच नाही तर दाणे सिलिका, लोह किंवा मातीने सांधलेले आहेत.

ही शेवटची पाहणी सर्वांत महत्त्वाची. वाळूचा दाणा बहुधा क्वार्ट्झचा असतो आणि तो सहसा मरत नाही. झिजते ते दाण्यांना धरून ठेवणारे द्रव्य. सिलिकाने सांधलेला दगड फार टिकतो. सम्राट अशोकाचे चुनारच्या वालुकाश्मातले स्तंभ सव्वादोन हजार वर्षांनंतरही झिलई राखून आहेत. नागपूरकर भोसल्यांनी काशीला ज्या गंगेकाठी घाट बांधला, तिथल्या घाटांनाही चुनारचाच दगड आहे. चुन्याने सांधलेल्या दगडाला हवेतला गंधक मानवत नाही. मातीने सांधलेला दगड भिजला की फुगतो आणि सुकला की आकसतो. तो सर्वांत नाजूक, आणि एकाच भिंतीत तिन्ही प्रकारचे चिरे शेजारी शेजारी लागलेले असू शकतात. दहा चिरे धडधाकट असताना मधलाच एक का झडतो, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

दुसरी गोष्ट थरांची. वालुकाश्म नदीच्या, समुद्राच्या किंवा वाऱ्याच्या वाळूतून थरांथरांनी घडलेला असतो. चिरा भिंतीत लावताना ते थर आडवे राहिले पाहिजेत. थर उभे आणि भिंतीच्या दर्शनी बाजूला समांतर आले तर पापुद्रे वहीच्या पानांसारखे एकेक करून सुटतात. तुमच्या भिंतीतले असे चिरे खडूने खूण करून मोजा. त्यांच्यावर कोणताही लेप टिकणार नाही, हे पैसे खर्च करण्याआधी कळलेले बरे.

भिंत काय सांगते ते वाचा

सकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीजवळ उकिडवे बसा आणि जोत्यापासून वर पाहत जा. बहुतेक ठिकाणी अगदी खालचा चिरा ओलसर, गडद, पण शाबूत दिसेल. त्याच्या वर, साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंत, एक पट्टा सापडेल. तिथे पांढरा लोणा फुटलेला असतो, दगडाची कातडी उचललेली असते आणि खाली जोत्यावर बारीक वाळूची रांग साचलेली असते. पट्ट्याच्या वरची भिंत पुन्हा चांगली. जमिनीतली ओल चिऱ्यांच्या छिद्रांतून वर चढते आणि या पट्ट्यात येऊन तिची वाफ होते. पाणी जाते, क्षार मागे राहतात. छिद्रात क्षारांचे स्फटिक वाढले की ते दाण्यांना एकमेकांपासून ढकलतात. पावसाळ्यात क्षार विरघळतात, उन्हाळ्यात पुन्हा स्फटिक होतात, आणि प्रत्येक फेऱ्याला दगडाचा एक थर जातो. चंद्रपूरसारख्या ठिकाणी, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे सुकणे फार वेगाने होते.

क्षार येतात कुठून? सिमेंटमधून, खतांमधून, भिंतीलगतच्या गोठ्यातून आणि स्वच्छतागृहातून, कबुतरांच्या विष्ठेतून. देवळात अभिषेकाचे पाणी, दूध, दही गर्भगृहाच्या भिंतीत मुरत असेल तर ओल आणि बुरशी दोन्हींना खाद्य मिळते. अभिषेक थांबवायला कोणी सांगत नाही. जुन्या स्थपतींनी त्यासाठी प्रणाल, म्हणजे पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हळ, ठेवलेले असते, पण नव्या टाइल्स बसवताना ते बुजवले जाते. तुमच्याकडे ते मोकळे आहे का, ते आजच पाहा.

आता दरजा पाहा. सिमेंटने भरलेल्या भिंतीत एक गोष्ट हमखास दिसते: सिमेंटच्या रेषा जशाच्या तशा उभ्या असतात आणि त्यांच्या मधला दगड बोट-बोटभर आत गेलेला असतो. जुन्या चुन्याची दरज दगडापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असते. ओल तिच्यातून बाहेर पडते, क्षार तिच्यात साचतात, आणि झिजायचे ते दरज झिजते. ती पुन्हा भरता येते. सिमेंटने ही वाट बंद केली की ओल दगडातून बाहेर पडते आणि दगड झिजतो. चुना गेला तर दरज भरायची, दगड गेला तर मूर्तीचा चेहरा जातो. मला या सगळ्या विषयात एवढे एकच वाक्य सांगू दिले, तर मी हे सांगेन.

कारखाने, औष्णिक वीज केंद्रे आणि वर्दळीचे रस्ते जवळ असतील तर पाऊस न पोहोचणाऱ्या छज्ज्याखाली काळी खपली शोधा. हवेतला गंधकाचा वायू आणि दमटपणा यांची चुन्याशी क्रिया होऊन जिप्सम बनते आणि त्यात काजळी अडकते. दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या लाल दगडावरही अशी पुटे आढळली आहेत. ही खपली खरवडू नका. तिच्याखालची दगडाची कातडी तिच्यासोबतच निघते.

कामाचा क्रम

1. नोंद. प्रत्येक भिंतीची समोरून छायाचित्रे काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. चिऱ्यांना क्रमांक द्या. जोत्यावरची वाळू झाडून महिन्याभराने पुन्हा पाहा. किती साचते यावरून झडण्याचा वेग कळतो. पावसाळ्याआधी आणि नंतर, अशी दोनदा नोंद झाली की मगच खर्चाचा विचार करा.

2. छप्पर आणि पन्हळी. गळती थांबवा, पन्हळीतला पाला काढा, शिखरावरची पिंपळाची रोपे लहान असतानाच काढा. मुळे जाडजूड झाली असतील तर उपटू नका, सांधे उघडतील. खोड कापून मूळ जागीच मारण्याचे काम जाणकाराकडून करून घ्या.

3. जमिनीचे पाणी. भिंतीभोवती अंगणाची पातळी वर्षानुवर्षे भर पडून उंच झालेली असते. ती जोत्याच्या खाली उतरवा आणि उतार बाहेरच्या बाजूला द्या. भिंतीला टेकवून ओतलेला काँक्रीटचा कट्टा असेल तर तो भिंतीपासून हातभर तोडून त्या जागी खडी भरा. कारण कट्टा जमिनीची वाफ अडवतो आणि सगळी ओल भिंतीत चढवतो. खोदाई करताना पायाच्या दगडाखाली जाऊ नका.

4. सिमेंट काढणे. छिन्नी-हातोड्याने, सावकाश. ग्राइंडर लावला की चिऱ्यांच्या कडा कापल्या जातात. जिथे सिमेंट दगडाला इतके घट्ट धरून आहे की काढताना कड तुटेल, तिथे ते राहू द्या.

5. चुन्याच्या दरजा. याबद्दल पुढे सविस्तर.

6. एक पूर्ण वर्ष थांबा. ओल उतरायला तेवढा वेळ लागतोच. बऱ्याच भिंतींचे झडणे एवढ्यावरच पुष्कळ मंदावते आणि पुढचा खर्च लागत नाही.

लोणा तरीही राहिला तर तो आधी मऊ ब्रशने कोरडाच झाडा आणि लगेच उचला. पाण्याने धुतला की तो पुन्हा आत जातो. खोलवरचे क्षार काढायला कागदाचा लगदा आणि माती शुद्ध पाण्यात कालवून त्याचा लेप लावतात. सुकताना तो क्षार ओढून घेतो. हे काम संवर्धनतज्ज्ञाचे आहे. सुटे दाणे घट्ट करणारी सिलिकेट रसायनेही आहेत. ती दगडात एकदा गेली की परत निघत नाहीत, म्हणून क्षार आणि ओल असताना ती कोणी सुचवली तर नकार द्या.

चुन्याचे काम करून घेताना

पिशवीतला रंगाचा चुना नको. कळीचा चुना विझवून, चाळून, निदान काही आठवडे पाण्याखाली ठेवलेला हवा. एक भाग चुना आणि अडीच ते तीन भाग स्वच्छ नदीची वाळू हे नेहमीचे प्रमाण. ओलीच्या जागी वाळूतला काही भाग कमी करून विटांची सुरखी घालतात. गूळ, बेल, हिरडा यांचे पाणी घालणारे कारागीर आजही आहेत. त्यांच्या हाताची परंपरा मानावी, पण आधी हातभर जागेवर नमुना भरून एक पावसाळा पाहावा. "पटकन धरावे म्हणून मूठभर सिमेंट टाकतो" असे गवंडी म्हणाला तर तिथेच थांबवा. मूठभर सिमेंटनेही क्षार येतात.

दरज रुंदीच्या दुप्पट खोल, किमान इंचभर, मोकळी करावी, धूळ झाडावी, ओली करावी, चुना दाबून भरावा, आणि चिऱ्याच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवावा. नंतर किमान आठवडाभर ओली गोणपाटे टांगून ठेवावीत. विदर्भात या कामाला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य आहे. एप्रिल-मेच्या उन्हात चुना सुकतो, पण पकत नाही.

हे करू देऊ नका

- ऑइल पेंट. आपल्या गावोगावच्या देवळांचे सर्वांत मोठे नुकसान यानेच झाले आहे. रंगाखाली ओल कोंडते आणि रंगाचा पोपडा सुटताना दगडाची कातडी घेऊन जातो. उत्सवासाठी रंग हवाच असेल तर भिंतीऐवजी मंडप आणि कमानी सजवा.
- वाळूचा मारा, ग्राइंडर, जोरदार पाण्याचा फवारा. दगड एक दिवस नवा दिसतो. त्याची हवेत मुरून घट्ट झालेली कातडी मात्र गेलेली असते.
- आम्लाने धुणे. चुन्याने सांधलेला दगड यात विरघळतो आणि नवे क्षार तयार होतात.
- पारदर्शक सिलिकॉन लेप, आणि 'वज्रलेप' म्हणून विकली जाणारी इपॉक्सी. मागून ओल येत असेल तर लेपामागे क्षार साठून जाड पापुद्रा एकदम निखळतो.
- ग्रॅनाइट, संगमरवर किंवा टाइल्सचे आवरण. ओल आवरणाच्या वर चढते आणि आजवर शाबूत असलेल्या कोरीवकामापर्यंत पोहोचते.

शेंदराचे जाड थर हा वेगळा आणि नाजूक विषय आहे. तो श्रद्धेचाही आहे. ग्रामसभेत बोलून, पुरातत्त्व खात्याच्या रसायनशाखेचा सल्ला घेऊनच हात घालावा.

चिरा बदलावाच लागला तर

भार घेणारा चिरा फुटला असेल तरच पूर्ण बदला. एरवी खराब भाग चौकोनी काढून त्याच जातीचा तुकडा बसवता येतो. बाजारात राजस्थानचा धौलपूर किंवा बन्सी पहाडपूरचा दगड सहज मिळतो. तो उत्तम दगड आहे, राष्ट्रपती भवनात धौलपूरचा आणि अयोध्येच्या राममंदिरात बन्सी पहाडपूरचा वापरलेला आहे. तरीही तुमच्या सच्छिद्र चिऱ्याशेजारी घट्ट दगड बसवला तर ओल जुन्या चिऱ्यातूनच बाहेर पडेल. रंग जुळणे पुरेसे नाही, पाणी शोषण्याचे प्रमाणही जुळले पाहिजे.

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या साहित्य-परीक्षण प्रयोगशाळेकडून जुन्या पडलेल्या तुकड्याची आणि नव्या नमुन्याची भारतीय मानकांनुसार तुलना करून घ्या: दाब सहन करण्यासाठी आयएस ११२१, पाणी शोषणासाठी आयएस ११२४, टिकाऊपणासाठी आयएस ११२६. पुरवठादाराला चिऱ्यावर थरांची दिशा रंगाने दाखवायला सांगा. चिरे जोडायला लोखंडी कांबी वापरू नयेत. लोखंड गंजले की फुगते आणि चिऱ्याचा कोपरा फोडते. स्टेनलेस स्टील वापरावे.

परवानगी आणि तुमचे हक्क

वास्तू कोणत्या यादीत आहे हे आधी लेखी विचारा, कारण विनापरवाना केलेली चांगली दुरुस्तीही गुन्हा ठरू शकते.

- केंद्र संरक्षित स्मारक (१९५८ चा कायदा): दुरुस्ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करते. ट्रस्टने किंवा गावाने स्वतः हात लावायचा नाही. स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पूजाअर्चा चालू असलेल्या स्मारकाचा त्याच्या स्वरूपाशी विसंगत वापर करता येत नाही, हे संरक्षण भाविकांच्या बाजूचे आहे.
- अशा स्मारकाजवळ तुमचे घर असेल तर: १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम नाही. मात्र १६ जून १९९२ पूर्वीपासून असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याचा हक्क तुम्हाला आहे. "इथे काहीच करता येत नाही" असे तोंडी सांगून परत पाठवले तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.
- राज्य संरक्षित स्मारक (१९६० चा कायदा): पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाशी संपर्क साधा.
- शहराच्या वारसा यादीतली वास्तू: श्रेणी पाहा आणि महानगरपालिकेच्या वारसा संवर्धन समितीमार्फत जा. मालकाला मिळू शकणाऱ्या हस्तांतरणीय विकास हक्कांची चौकशी त्याच वेळी करा.
- कोणत्याच यादीत नसलेले देवस्थान: विश्वस्त ठराव करून काम करू शकतात. सार्वजनिक न्यास असेल तर हितसंबंधित भाविक धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागू शकतात. सरकारी निधीतून काम होत असेल तर अंदाजपत्रक आणि कामाचा तपशील माहितीच्या अधिकारात मागता येतो. नमुना भरण्याआधीच मागा. सिमेंट भरून झाल्यावर मिळालेली माहिती दगडाच्या कामाची नसते.

परिसरात पडलेली शंभर वर्षांहून जुनी शिल्पे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. दगडी मूर्तींची नोंदणी बंधनकारक आहे. त्या सिमेंटच्या चौथऱ्यात बसवू नका, नदीत विसर्जित करू नका. छायाचित्र काढून नोंदणी अधिकाऱ्यांना कळवा.

ठेकेदाराशी करार

जुन्या वास्तूचे काम केलेला संवर्धन वास्तुविशारद आधी नेमा. वारसा जतनाचे काम करणाऱ्या 'इंटॅक' संस्थेच्या स्थानिक शाखेकडे नावे विचारता येतात. पुढच्या अटी कागदावर असू द्या:

- कोणत्याही स्वरूपात सिमेंट, ऑइल पेंट, इपॉक्सी किंवा लेप वापरणार नाही.
- एक मीटर बाय एक मीटरचा नमुना भाग मंजूर झाल्याशिवाय पुढचे काम नाही.
- कोरीव चिऱ्यावर यंत्र चालणार नाही.
- दगड कापताना पाणी मारले जाईल आणि प्रत्येक पाथरवटाला धुळीसाठीचा योग्य मास्क मिळेल. वालुकाश्माची बारीक धूळ छातीत बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ही अट दरपत्रकात खर्चासह लिहून घ्या, म्हणजे ती टाळली जाणार नाही.
- काढलेला प्रत्येक जुना चिरा क्रमांक घालून आवारातच ठेवला जाईल.
- रकमेचा शेवटचा हप्ता काम संपल्यावर एक पूर्ण पावसाळा गेल्यानंतर, भिंतीची पुन्हा पाहणी करून दिला जाईल.